खोक्यातलं धुरकं: शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं मॉडेल, इंदूर

8 नोव्हेंबर 2025, शनिवार

शाळेच्या ग्रुपवर यादी आली. आठवीला विषय प्रदूषण, मॉडेल पुठ्ठ्याचं, थर्माकोल आणलं तर दारातच ठेवून घेणार, टेबलावर जागा तीन फूट बाय दोन फूट, प्रदर्शन 28 ला. थर्माकोलचं बरोबरच आहे, सजावटीचं थर्माकोल आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. स्ट्रॉचं आत्ताच लिहून ठेवते कारण धुराच्या मॉडेलला नळ्या लागतातच आणि पुढे त्याच्यावरून घोळ झालाय.

लेकीचा प्लॅन नेहमीचाच. डावीकडे हिरवं शहर, उजवीकडे काळं शहर, कारखान्यांच्या चिमण्यांवर धूर म्हणून कापूस चिकटवलेला, मधे "पृथ्वी वाचवा". अशी टेबलं दर वर्षी अर्धा हॉल भरून असतात आणि परीक्षक समोरून चालत चालतच निघून जातात, त्यांचा तरी काय दोष. मी तिला म्हटलं कापूस नको, धूर खरा हवा आणि त्याने काहीतरी करून दाखवलं पाहिजे.

विषय सासऱ्यांनी दिला. ते हुकुमचंद मिलमध्ये होते, मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली तोपर्यंत. ते सांगतात थंडीत सकाळच्या पाळीला सायकलवर जाताना मिलच्या चिमणीचा धूर सरळ वर जायचा आणि एका उंचीवर पोचला की कुणीतरी हात ठेवल्यासारखा थांबून आडवा पसरायचा, दुपारी मात्र तोच धूर दिसेनासा व्हायचा. लेक म्हणाली हे का होतं ते खोक्यात दाखवू. ठरलं.

थिअरी एवढीच: थंडीत रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन भराभर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड, वरची त्यामानाने गरम, त्यामुळे खालची हवा वर जातच नाही आणि गाड्यांचा, शेगड्यांचा, पालापाचोळा जाळल्याचा धूर खालीच अडकतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि सगळं ढवळून निघतं. पुस्तकात याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात, आम्ही घरात "झाकण" म्हणतोय.

9 नोव्हेंबर, रविवार

खोका शोधण्यात सकाळ गेली. उंच हवा, कारण थर दिसायला उंची लागते. चपलांचे, मिक्सरचे खोके कामाचे नाहीत. शेवटी गल्लीतल्या अटालेवाल्याकडे (म्हणजे भंगारवाल्याकडे) गीझरचा खोका मिळाला, जाड पाच प्लायचा, दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद. तीस रुपये मागितले, दिले. ओल लागलेला खोका घेऊ नका, वरून कडक वाटतो पण खालची घडी दाबली की बोट आत जातं.

समोरची बाजू कापून खिडकी केली, चारी बाजूंनी दीड इंचाची कड ठेवली. पूर्ण बाजू कापलीत तर खोका तिरका होतो. कटर नवीन पात्याचा घ्या, बोथट पात्याने पुठ्ठा फाटतो, कापला जात नाही. पात्याचं काम मी केलं, लेकीने पट्टी धरली.

खिडकीला डायनिंग टेबलावर घालतात ती ट्रान्सपरंट शीट, खजुरी बाजारातून, एक मीटर 140 रुपये. स्पायरल बाइंडिंगची पातळ शीट स्वस्त पडते पण तिला सुरकुत्या पडतात आणि उजेड चमकतो. शीट ब्राऊन टेपने चारी बाजूंनी सीलबंद, आणि खोक्याच्या सगळ्या सांध्यांवर आतून-बाहेरून टेप. ही टेप मोकळ्या हाताने वापरा, फटीतून हवा खेळली की थर मोडतो.

11 नोव्हेंबर

लेकीने आतून आकाशी रंग दिला, ढग काढले, फार सुंदर झालं. अगरबत्ती लावून बघितलं तर धूर दिसेचना. डोळे फाडून बघितलं तरी नुसतं धुरकट काहीतरी. धूर पांढरा आणि मागे फिकट निळं, दिसणार कसा. ढगांवरून काळा चार्ट पेपर चिकटवला, लेक तासभर बोलली नाही माझ्याशी.

काळं केल्यावरही समोरून उजेड टाकला तर शीटच चमकते. उजेड बाजूने पाहिजे. डाव्या भिंतीत उभी चीर पाडून बाहेरून एलईडीची पट्टी लावली, यूएसबीवर चालणारी, महारानी रोडवर 90 ला मिळाली. काळी पाठ आणि बाजूचा उजेड, हे दोन जमले की एका अगरबत्तीचा धूरसुद्धा ठसठशीत दिसतो. माझ्या मते या सबंध मॉडेलमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि एकाही व्हिडिओत कुणी सांगत नाही.

13 नोव्हेंबर

शहर. लेकीला राजवाडा पाहिजेच होता. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, ते तिने रंगातून बरोबर दाखवलं, खिडक्या काडेपेटीच्या काड्यांच्या. शेजारी गांधी हॉलचं घड्याळ, दोन चौकोनी बिल्डिंगा, एक सिटी बस. उंची चार इंचाच्या आत ठेवायला लावली कारण गार थर साधारण पाच इंचाचा होईल असा माझा अंदाज होता, आणि शहर त्या थरात बुडालेलं दिसलं पाहिजे.

सगळं तिने एका पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि तो पुठ्ठा बर्फाच्या ताटावर ठेवला. अर्ध्या तासाने आत हात घातला तर हवा तशीच. पुठ्ठा आणि त्याच्यात हवेचे पोकळ थर, म्हणजे बर्फावर गोधडी टाकल्यासारखंच झालं. पुठ्ठा काढला, ढोकळ्याची ॲल्युमिनियमची मोठी थाळी उलटी घातली आणि बिल्डिंगा सरळ थाळीवर चिकटवल्या, रस्ते थाळीवरच रंगवले. फेविकॉल ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही, ग्लू गन धरते, पण आधी थाळी साबणाने धुऊन कोरडी करा नाहीतर तेलकटपणामुळे राजवाडा उचलून हातात येतो.

15 नोव्हेंबर, शनिवार

आज पहिल्यांदा सगळं एकत्र लावून बघितलं. खाली बर्फ, वर गरम करायला 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब, होल्डर छताला आतून.

बल्ब रद्द. वीस मिनिटांत छताला हात लावून पाहिला तर चटका बसला आणि वरच्या कोपऱ्याला ग्लू गनने जोडलेली पट्टी सुटून लोंबायला लागली. तो गोंद उष्णतेने मऊ पडतो, आणि पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात तापलेला बल्ब ठेवून मूल शेजारी उभं करणं मला मुळीच पटलं नाही. होल्डर, वायर, प्लग मिळून 110 रुपये पाण्यात.

बर्फाचाही ताप झाला. ताटातलं पाणी हललं, खोक्याच्या तळाला लागलं, आणि एवढा जाड पुठ्ठा रात्रीतून पोह्यांसारखा फुगला. तळ कापून टाकला, दुसऱ्या खोक्याचा लावला, आतून सगळीकडे टेप.

16 नोव्हेंबर, रविवार

दोन्ही भानगडींवर एकच उतारा निघाला: बर्फही नको, बल्बही नको. खाली जेल पॅक. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे इन्सुलिनच्या पार्सलबरोबर येतात, तो टाकूनच देतो, म्हणाला "ले जाओ भिया की भाभी, जितने चाहिए". चार आणले, फ्रीझरमध्ये रात्रभर. पाणी सांडत नाही.

वर शेकायची रबरी पिशवी, आईंची, त्यांच्या गुडघ्याच्या शेकाच्या वेळा सांभाळून. छताला भोक पाडून त्यात ॲल्युमिनियमचं झाकण बसवलं, पिशवी त्या झाकणावर बाहेरून. पाणी उकळतं घालू नका, हात लावता येईल त्याच्या थोडंसं वर पुरे. पाण्याने भरलेली पिशवी जड असते, छत खचायला लागलं तेव्हा आतून दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या घडी करून आडव्या टाकल्या. पुठ्ठा आडवा दाबला तर वाकतो, उभा ठेवला तर लहान पोराचं वजन घेतो.

आणि इथेच लेकीच्या डोक्यात आलं की पिशवी वर आणि जेल पॅक खाली म्हणजे थंडीची रात्र, मग पिशवी खाली आणि पॅक वर ठेवले तर दुपार! सामान तेच, नुसती अदलाबदल. मला हे सुचलं नव्हतं.

18 नोव्हेंबर

अदलाबदल करायला मागचं दार उघडलं की बाहेरची हवा आत घुसते आणि पंधरा मिनिटं धरून जमवलेला थर एका क्षणात खलास. म्हणून थाळीच्या खाली ड्रॉवर केला. खोक्याच्या तळापासून अडीच इंचावर पुठ्ठ्याची कड, तिच्यावर थाळी, थाळीच्या चारी कडा टेपने बंद, आणि खालच्या पोकळीत मागून आतबाहेर होणारा पुठ्ठ्याचा ड्रॉवर. आता शहराची हवा आणि ड्रॉवरची हवा वेगळी. हे काम वेळखाऊ आहे, ड्रॉवर एक सूत मोठा झाला तर अडकतो, लहान झाला तर थाळीला टेकत नाही आणि गारवा वर पोचत नाही. पॅकच्या खाली घडी केलेलं वर्तमानपत्र घालून ते थाळीला चिकटतील एवढं उचललं.

19 नोव्हेंबर

धूर. आज डोकं पार फिरलं.

खोक्यात थर नक्की झाला होता, तळाला हात घातला तर गार, वर उबदार. पण अगरबत्ती आत ठेवली की धूर सरळ छताला जाऊन भिडतो, झाकण वगैरे काही नाही. कारण कळायला वेळ लागला: अगरबत्तीचं टोक स्वतःच जळतंय, त्याचा धूर गरम, तो आपल्या जोरावर गार थर फोडून वर जातो. धूप-कपाने तर आणखीच. म्हणजे धूर गार करून आत सोडायला पाहिजे.

मग जुगाड. बाहेर पत्र्याच्या डब्यात धूप, डब्याच्या झाकणातून मत्स्यालयाची नळी, नळीचं वेटोळं बर्फाच्या तपेलीत, तिथून खोक्यात. आतलं टोक आधी कागदी स्ट्रॉचं केलं, ती धुराच्या ओलीने मऊ पडून मिटली, चाळीस रुपयांचं पाकीट तसंच पडलंय. मग वाळलेल्या स्केच पेनची नळी दोन्हीकडून कापून लावली, एकदम सही बसली आणि चिमणीसारखी दिसतेही. पण डब्यातून धूर ढकलायला फुंकावं लागायचं, फुंकलं की झोत जोरात येतो आणि थर पुन्हा ढवळला जातो. हळू फुंकलं तर धूर नळीतच बसतो, नळी आतून तपकिरी चिकट.

नवरा म्हणाला, "कापूसच लाव ना मग." त्याला चहा मिळाला नाही.

20 नोव्हेंबर

ग्रुपवर मेसेज: हॉलमध्ये अगरबत्ती, मेणबत्ती, काडेपेटी, काहीही पेटवायला परवानगी नाही. बरोबरच आहे, सगळीकडे पुठ्ठा आणि कागद. पण आमचं मॉडेलच धुराचं!

लेक रडवेली झाली. शेजारच्या काकूंनी त्यांचं पाण्याची वाफ करणारं छोटं यूएसबी ह्युमिडिफायर देऊ केलं, लावूनही बघितलं. रात्रीचा सीन त्याने झकास दिसतो, धुक्यासारखं तळाला पसरतं. पण दुपारचा सीन लावला की ते बारीक थेंब गरम हवेत वाळून गायब होतात आणि बघणाऱ्याला वाटतं प्रदूषण संपलं. खरं तर धूर संपत नसतो, पातळ होऊन वर पसरतो. चुकीचं दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं, म्हणून ते परत केलं.

22 नोव्हेंबर, शनिवार

बाटली! सॉसची दाबायची बाटली, निमुळत्या तोंडाची, राणीपुऱ्यात तीस रुपयांना. बाहेर अंगणात दाबून धरायची, तोंड धुपाच्या अगदी वर न्यायचं, सोडायची, धूर आत ओढला जातो. असं तीन-चारदा केलं की बाटली पांढरी फक्क. टोपण लावायचं आणि हॉलमध्ये न्यायचं. आत काहीच पेटवायचं नाही, नियम पाळला गेला. आणि बाटलीत मिनिटभर राहिला की धूर आपोआप खोलीएवढा गार होतो, म्हणजे नळीचं वेटोळं, तपेली, डबा, सगळं फेकून द्या. बंदी आली नसती तर मी अजून त्या वेटोळ्यातच अडकलेली असते.

बाटलीतला धूर चार-पाच मिनिटंच चांगला राहतो, नंतर कण एकमेकांना चिकटून बाटलीला लागतात आणि पांढरेपणा उतरतो. ताजा भरा, लगेच वापरा.

स्केच पेनच्या दोन चिमण्या केल्या. एक बुटकी, सिटी बसच्या मागे, थाळीपासून इंचभर वर. एक उंच, मिलची, खोक्याच्या मध्यापर्यंत. बाजूच्या भिंतीतून मत्स्यालयाच्या नळीने दोन्ही बाहेर काढल्या, बाटलीचं तोंड नळीत घट्ट बसतं. बाटली हळू, अगदी हळू दाबायची, दहापर्यंत मोजत.

23 नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी सहाला दिसलं जे हवं होतं ते. बाटली नुसती खोलीच्या तापमानाची असेल तर धूर गार थराच्या वर, साधारण अर्ध्या उंचीवर तरंगतो आणि सपाट चादर होऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरतो, कड इतकी स्पष्ट की पट्टीने आखावी. सासरे उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाच. हाच तो." लेकीने पुन्हा करून दाखवलं, त्यांनी खुर्ची ओढली.

आणि तीच बाटली आधी थोडा वेळ जेल पॅकमध्ये गुंडाळून ठेवली तर धूर तळाला बसतो, बुटक्या चिमणीतून निघून राजवाड्याच्या पायथ्याशी साचतो, हळूहळू मजले बुडतात. दोन्ही दाखवायचं ठरलं: उंच चिमणीचा आडवा पसरणारा, आणि रस्त्यावरचा, जो आपण नाकाने घेतो.

मग पिशवी खाली, पॅक वर. मिनिटभरात धूर उठायला लागतो, गोल गोल फिरतो, खोकाभर एकसारखा फिकट होतो. दुपार.

दोन थर्मामीटर आणले, वायरवाले, फ्रिजमध्ये लावतात ते, 130 ला एक. एकाची वायर खाली, एकाची वर. रात्रीच्या सीनला खाली 15, वर 29 दाखवत होते, खोलीत 23. आकडे दिसले की माणसं विश्वास ठेवतात, नाहीतर "आतून पंखा आहे का" विचारतात.

तास उलटल्यावर शीटवर आतून दव धरलं, खालचा अर्धा भाग धूसर. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोरड्या कपड्यावर घेऊन शीट आतून पुसली, पाणी नाही लावायचं, दव धरणं थांबलं. पण त्यासाठी हात आत जाईल अशी जागा हवी, म्हणून मागच्या भिंतीत वीतभर खिडकी केली आणि कडेला जुन्या ओढणीची घडी दाबून बंद केली.

25 नोव्हेंबर

पोस्टर. इथे लेकीने बरंच लिहिलं होतं, मी निम्मं कापायला लावलं. राहिलं ते हे:

लंडन, 5 ते 9 डिसेंबर 1952. असंच झाकण, खाली कोळशाचा धूर. सरकारी अंदाज तेव्हा सुमारे 4,000 मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांत तो 12,000 च्या आसपास गेला. 1956 मध्ये तिकडे क्लीन एअर ॲक्ट आला.

भोपाळ, 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र. हे तिने पाहिजेच म्हणून सांगितलं, मी आधी नको म्हणत होते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गळलेली मिथाइल आयसोसायनेटची वाफ हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड, थंडीची रात्र, गॅस वर गेला नाही, वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत राहिला. आपल्या मॉडेलचा धूर आणि तो गॅस एक नाही, तो मुळातच जड होता, हे तिला नीट पाठ करून घ्यायला लावलं, कारण परीक्षक तिथेच धरतात. त्या कारखान्याचा 337 टन कचरा यंदा जानेवारीत आपल्याच इंदूरजवळच्या पिथमपूरला आणून जूनअखेरपर्यंत जाळला, तेव्हा त्यावरही कुणीतरी विचारणारच.

आणि पीएम 2.5 चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, देशातलं मानक: 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम. एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे, सहा रंग, हिरव्यापासून गडद मरून, 0 ते 500. तिला त्याची पुठ्ठ्याची काटेवाली तबकडी खोक्यावर लावायची होती. मी नाही लावू दिली. काटा हाताने फिरवायचा म्हणजे पुन्हा कापूसच. तबकडी पोस्टरवर काढली, काट्याशिवाय.

27 नोव्हेंबर

रंगीत तालीम. बोलणं तीन मिनिटांचं होतं, ते दीडवर आणलं, कारण धूर बोलणं संपायची वाट बघत नाही. आता लेक आधी बाटली दाबते, मग बोलते.

संध्याकाळी खोका ई-रिक्षाने शाळेत. मागच्या सीटवर आडवा ठेवायचा नाही, उभाच, मांडीत धरून. तरी एका स्पीडब्रेकरला मिलची चिमणी निखळली. बरोबर ग्लू गन नेली होती पण हॉलमध्ये प्लग टेबलापासून लांब. ब्राऊन टेपने भागवलं. एक्सटेन्शन बोर्ड घेऊन जा.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

जेल पॅकचे दोन सेट, जेवणाच्या थर्मलच्या पिशवीत. गरम पाण्याचे दोन थर्मास. धूप शाळेच्या मैदानात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, एका मावशींच्या देखरेखीत. लेकीची मैत्रीण पळत बाटल्या आणून देत होती.

रात्रीचा थर जमायला पंधरा मिनिटं लागतात, दुपार दोन मिनिटांत होते, आणि गर्दी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे दुपारचा सीन झाल्यावर जे आले त्यांना नुसता खोका बघायला मिळाला. दहाच्या सुमाराला पोरीने युक्ती केली, दुपार बंदच केली, फक्त रात्र चालू ठेवली, आणि परीक्षक दिसले तेव्हा शेवटी एकदा पिशवी खाली सरकवली.

परीक्षक बाईंनी विचारलं ते अपेक्षेप्रमाणेच: इंदूर तर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, यंदा स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवरच्या शहरांत पहिलं, मग तुझ्या खोक्यात आपलाच राजवाडा का बुडतोय? लेक म्हणाली, मॅम, त्या सर्वेक्षणात शहराने काय काय उपाय केले त्याचे मार्क असतात, आणि हे झाकण काही नगर निगमला उचलता येत नाही, खालून धूर कमी सोडणं एवढंच आपल्या हातात आहे, थंडीत तर जास्तच. बाई हसल्या, मग बाटली स्वतः दाबून बघितली, जोरात दाबली, थर मोडला. लेकीने त्यांना सांगितलं, "मॅम, हळू." मी मागे उभी राहून घामाघूम.

लहान वर्गातल्या पोरांना विज्ञानाशी देणंघेणं नाही, बाटली दाबायला रांग. एकाने बसच्या चिमणीत पेन्सिलचं टोक घातलं, ते अजून आतच आहे.

दुसरा नंबर आला. पहिला ठिबक सिंचनवाल्या मुलांना, त्यांची मोटर शेवटपर्यंत चालली.

30 नोव्हेंबर, रविवार

हिशोब. कामाला आलेलं: खोका 30, शीट 140, ब्राऊन टेप 60, काळे चार्ट पेपर 20, ग्लूच्या काड्या 50, दोन थर्मामीटर 260, नळी 20, दोन बाटल्या 60, धूप 25, एलईडी पट्टी 90. झाले 755. वाया गेलेलं: बल्बचं सामान 110, कागदी स्ट्रॉ 40, आकाशी रंग 60. ई-रिक्षा जाऊन-येऊन 160. सगळं मिळून 1,125. थर्मामीटर टाळले तर बरंच कमी होतं, पण मी टाळणार नाही, टाळायचाच तर राजवाडा साधा करा, त्याच्यात जेवढ्या संध्याकाळी गेल्या तेवढ्या धुरावर घातल्या असत्या तर बाटली आठवडाभर आधी सुचली असती. लेकीला हे मान्य नाही.

पुन्हा केलं तर दोन अरुंद खोके शेजारी शेजारी, एक कायम रात्र, एक कायम दुपार. मग अदलाबदल नाही, ड्रॉवर नाही, थांबणं नाही, आणि दोन्हींत एकाच वेळी एकाच बाटलीने वाय आकाराच्या जोडातून धूर सोडता येईल, तो जोडही मत्स्यालयाच्याच दुकानात मिळतो.

नववीच्या सरांनी खोका मागून घेतलाय. त्यांना देताना सांगितलं तेच इथे: बाटलीचं तोंड आतून चिकट होतं, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवली तर निघतं. शीट खरडू नका. जेल पॅक फुटला तर धुऊन वापरायचा नाही, फेकायचा. आणि पिशवी आमच्या आईंची आहे, ती परत पाहिजे.